लग्नाची सुपारी घेतली म्हणून गाणे विकले जात नाही

पत्राचा सारांश (नाव व ओळखीचे तपशील वगळले आहेत)

मी २८ वर्षांचा असून सांगलीत राहतो. गेली काही वर्षे आम्ही मित्र मिळून हेवी मेटल, म्हणजे जोरकस रॉकचा एक प्रकार, वाजवतो. गाणी आमची स्वतःची आणि मराठीतली आहेत. बेकारी, महापूर, थकलेली ऊसबिले असे त्यांचे विषय. मी गिटार वाजवतो आणि चाली बांधतो. मित्रांच्या गिटारींची दुरुस्तीही फुकट करून देतो, एरवी त्या पुण्याला पाठवाव्या लागतात. सरावासाठी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत ४,५०० रुपये भाड्याने एक गाळा घेतला आहे. ड्रम वाजवणारा मित्र नोकरीसाठी बाहेरगावी गेल्याने ते भाडे आता तिघांवर आले आहे. पुण्यातल्या एका कॅफेत शेवटचा कार्यक्रम केला तेव्हा ५,००० रुपये मिळाले आणि चौघांच्या जाण्यायेण्यातच ६,००० च्या वर गेले. माझ्या शिकवणीला पूर्वी पंधरा मुले होती, आता महिना ७०० रुपये देणारी सहा उरली आहेत. गिटारच्या मोठ्या अँपच्या (आवाज वाढवणाऱ्या अँप्लिफायरच्या) कर्जाचे ३,२०० रुपयांचे सात हप्ते बाकी आहेत. वडील साखर कारखान्यात होते. कारखाना बंद पडल्यापासून त्यांची देणी अडकली आहेत आणि घरात मला महिना ८,००० रुपये द्यावे लागतात. एक ऑर्केस्ट्रावाले लग्नसराईत वाजवायला बोलावत आहेत, रात्रीचे १,८०० देतात. पण आमची गाणी लिहिणारा आणि गाणारा मित्र म्हणतो की लग्नात वाजवणारा माणूस आपल्या बँडमध्ये नको. तासगावचे मामा त्यांच्या कृषी सेवा केंद्रात १४,००० रुपयांवर पूर्णवेळ ये म्हणतात. कधी वाटते पुण्याला निघून जावे, कधी वाटते सगळे सामान विकून दुकानात बसावे. अंडरग्राउंड, म्हणजे रूढ बाजाराबाहेरच्या, कलाकाराने तडजोड करू नये, असेच आजवर मानत आलो. काय करू?

उत्तर

तुम्ही चार वाटा मांडल्या आहेत: लग्नाच्या ऑर्डरी, मामांचे दुकान, पुणे आणि सगळे विकून मोकळे होणे. या चारही वाटांच्या मुळाशी एक गृहीतक आहे. बँडने तुमचे पोट भरायला हवे होते, ते त्याने भरले नाही, म्हणजे बँड फसला, असे तुम्ही धरून चालला आहात. हे आधी तपासून पाहू. बाजार तेजीत होता तेव्हाही स्वतःच्या शब्दांतली, त्यातही मेटलसारख्या मोजक्या श्रोत्यांच्या प्रकारातली गाणी वाजवून घर चालवणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजावी लागत होती. मग कॅफेवाल्यांनी हात आखडला आहे आणि पालकांनी पहिली कात्री गिटारच्या क्लासला लावली आहे अशा दिवसांत ते जमले नाही, यावरून तुमच्या गाण्यांचा कस ठरत नाही. बँडकडून एवढीच अपेक्षा ठेवावी की त्याने आपला खर्च आपण काढावा. घर इतर कामांवर चालवावे आणि त्या कामांची लाज बाळगू नये.

इथे तुमच्या मित्राचा आक्षेप येतो. तो अगदीच पोकळ आहे असे मी म्हणणार नाही, पण तो चुकीच्या जागी लावला आहे. तुमच्या बँडचा सच्चेपणा तुम्ही काय लिहिता आणि कसे वाजवता यात आहे. मंगळवारी रात्री तुम्ही कोणाच्या वरातीत कीबोर्डवाल्याशेजारी उभे होता यात नाही. तुमच्याच जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे मुंबईत गिरणीत राबले, मिळेल ते काम त्यांनी केले, आणि १९४४ साली उभ्या राहिलेल्या लाल बावटा कलापथकाचे ते आघाडीचे शाहीर झाले. गिरणीच्या पगारामुळे त्यांच्या शाहिरीची धार बोथट झाली, असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. व्यवस्थेवर गाणी रचणाऱ्या तुमच्या मित्राला मजुरी करून गाणाऱ्या माणसाची अडचण का वाटावी, हा प्रश्न तुम्ही त्याला शांतपणे विचारू शकता. त्याचे स्वतःचे घर कशावर चालते, हेही पत्रात आलेले नाही. ते कळले असते तर बरे झाले असते.

आक्षेपाचा खरा भाग वेगळा आहे, आणि तो तुमच्या मित्राने मांडलेला नाही. लग्नाची ऑर्डर म्हणजे तीन तासांचे वाजवणे नव्हे. दुपारी चारला टेम्पोत सामान चढते, सहाला जोडणी होते, नवरदेवाची गाडी दीड तास उशिरा येते. नियमाप्रमाणे दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, पण वायरी गुंडाळून, जेवून, परत येईपर्यंत दोन वाजतात. दुसऱ्या दिवशीचा सराव त्यात बुडतो, आणि सराव बुडत गेला की बँड कोणतीही घोषणा न करता संपतो. म्हणून ऑर्डरी जरूर घ्या, पण सरावाचा एक ठरलेला वार कोणत्याही भावाला विकायचा नाही, हे ऑर्केस्ट्राच्या मालकांना सुपारी घेतानाच सांगा. इसार किती, उरलेले पैसे त्याच रात्री की महिनाअखेरीस, लग्न पुढे ढकलले गेले तर इसार परत करायचा की नाही, जाण्यायेण्याचा खर्च कोणाचा, हे सगळे मोबाइलवर लिहून घ्या. तोंडी व्यवहारात वाजवणाऱ्याचेच पैसे राहतात. रात्री-अपरात्री टेम्पोने फिरणाऱ्या प्रत्येकाने बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना सुरू करावी. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचे अपघाती संरक्षण मिळते.

आता हिशोब. सध्या तुम्हाला दरमहा घराचे ८,०००, हप्त्याचे ३,२०० आणि गाळ्याच्या वाट्याचे १,५०० असे १२,७०० रुपये लागतात, आणि शिकवणीतून येतात ४,२००. लग्नसराईत चाळीस रात्री मिळाल्या असे धरले, तर ७२,००० होतात, म्हणजे बारा महिन्यांत वाटून महिना ६,०००. तरीही अडीच हजारांची तूट राहते, आणि ती तूट जवळजवळ त्या अँपच्या हप्त्याएवढीच आहे. तुम्ही विचारले आहे की सगळे विकू का. सगळे विकू नका. तो अँप विका. एका गाळ्यात सराव करण्यासाठी आणि चाळीस माणसांसमोर वाजवण्यासाठी एवढ्या मोठ्या अँपची गरज नाही. ऑर्केस्ट्रात तर गिटार थेट मिक्सरला जोडली जाते. त्याच्या कर्जाचे २२,४०० रुपये बाकी आहेत. मुदतीपूर्वी कर्ज फेडल्यास किती आकार लागतो ते बँकेत आधी विचारा आणि मग सावकाश, चांगला गिऱ्हाईक पाहून विका. गिटार मात्र विकू नका. ती तुमचे कमावण्याचे अवजार आहे, आणि गरजेच्या वेळी विकलेले वाद्य पुन्हा घ्यायला कधीच तेवढ्या पैशांत मिळत नाही. गाळ्याबाबतही एक सुचवावेसे वाटते. आपल्याकडच्या बेंजो पार्ट्यांना हंगाम नसताना स्पीकर आणि सामान ठेवायला कोरडी जागा लागते. अशी एखादी पार्टी चौथा भागीदार म्हणून घेतली, तर प्रत्येकाचा वाटा १,१२५ वर येईल. तुमच्या मित्राला ही शेजारीण रुचणार नाही, पण भाडे तिलाही भरता येते.

मामांच्या दुकानाकडे तुम्ही पराभव म्हणून पाहता. मला त्यात एक गोष्ट दिसते, जी कदाचित घाईत तुमच्या नजरेतून सुटली असावी. लग्नसराई तुळशीच्या लग्नापासून आषाढी एकादशीपर्यंत चालते. चातुर्मासात मुहूर्त नसतात आणि गणपतीचे दिवस सोडले तर वादक रिकामा बसतो. कृषी सेवा केंद्राचे नेमके उलट आहे. जून-जुलैत खरिपाची बियाणे आणि खते, मग सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षबागांची फळछाटणी आणि तिच्यामागून फवारण्यांची रांग, या काळात तासगावच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. म्हणजे तुमचे रिकामे महिने आणि मामांचे गर्दीचे महिने बऱ्याच अंशी एकच आहेत. तेव्हा जुलै ते ऑक्टोबर असे चार महिने पूर्णवेळ येतो, असा प्रस्ताव मामांसमोर ठेवून पाहा. फवारण्या पुढेही चालतात, त्यामुळे ते लगेच हो म्हणतील असे नाही. पण हंगामापुरता विश्वासाचा आणि हिशोबाचा माणूस मिळणे त्यांनाही सोपे नसते. वर्षभर दुकानात बसलात तर १,६८,००० रुपये मिळतील. चार महिन्यांचे दुकान, चाळीस रात्री आणि संध्याकाळची शिकवणी एकत्र केली तर १,७८,४०० होतात. रात्री तीसच मिळाल्या तर तो आकडा १,६०,४०० वर येतो, म्हणजे दोन्हींत उन्नीस-बीसचाच फरक. मी पहिला पर्याय हलका मानत नाही. वडिलांची प्रकृती किंवा घरातली दुसरी कोणती अडचण ठरलेल्या पगाराशिवाय निभणारी नसेल, तर पूर्णवेळ दुकान घ्या आणि आठवड्यातून एक दिवस सराव ठेवा. बँड त्यानेही जगतो, थोडा हळू चालतो इतकेच. मात्र दुसरा पर्याय निवडलात, तर लग्नसराईचे पैसे हातात ढिगाने येतात हे विसरू नका. वैशाखात श्रीमंत वाटणाऱ्या माणसाला भाद्रपदात उसने मागावे लागतात. प्रत्येक रात्रीच्या १,८०० पैकी ६०० वेगळ्या खात्यात टाका, आणि मित्रांची भिशी असेल तर तुमची उचल पावसाळ्यात यावी अशी सोय करून घ्या.

पुण्याविषयी मी थोडक्यात सांगेन, कारण त्याचे उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. तिथे खोलीची अनामत आणि भाडे यांतच वरचे सगळे गणित कोसळेल, आणि कॅफे तिथेही ५,००० च देतील. सांगलीतून रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने बसलेला माणूस उजाडायच्या आत पुण्यात उतरतो. कार्यक्रम असेल तेव्हा जाता येते. यापुढे मात्र प्रवासखर्च मिळाल्याखेरीज जायचे नाही, असे ठरवा. नाहीतर दोन जोडून कार्यक्रम मिळतील तेव्हाच निघा.

ज्या गोष्टीवर मला अधिक बोलायचे आहे, ती तुम्ही पत्रात जाता जाता एका ओळीत लिहिली आहे. मित्रांच्या गिटारचे पिकअप (तारांचा कंप टिपणारा भाग) बदलणे, फ्रेट (मानेवरच्या आडव्या पट्ट्या) घासून सारखे करणे, तारांची उंची बसवून देणे ही कामे तुम्ही करता, कारण एरवी ती वाद्ये पुण्याला पाठवावी लागतात. आणि हे सगळे तुम्ही फुकट करता. हे वाचून मी थांबलो. तुमच्या घरापासून दहा किलोमीटरच्या आत मिरजेची सतारमेकर गल्ली आहे. तिथे कुठल्याही दुकानासमोर अर्धा तास उभे राहिलात, तर एखादा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवताना दिसेल. दोनदा घासायचे, तार छेडायची, ऐकायचे, तारेखाली सुताचा दोरा केसभर सरकवायचा, पुन्हा ऐकायचे; असे करता करता जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी आस, उघडते आणि तार बोलू लागते. गिटारचा नट आणि घोडी बसवताना तुम्ही जे करता ते याच जातीचे काम आहे: कानाने मोजायचे आणि हाताने घासायचे. या गल्लीचा इतिहासही तुमच्या प्रश्नाशी जोडलेला आहे. इथले मूळ कारागीर शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. संस्थानांच्या लढाया संपल्या, शस्त्रांचे काम आटले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी तेच हात सतारीकडे वळवले. त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी घडवलेल्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. धंदा बुडाला तेव्हा त्यांनी हातातली विद्या टाकली नाही, तिचे गिऱ्हाईक बदलले.

तुम्हीही तेच करू शकता. गिटार नीट बसवून देण्याचा दर ठरवा, मित्रांनाही तो सांगा, निम्मा घ्या पण घ्या. ऑर्केस्ट्रा आणि बेंजो पार्ट्यांकडे खरखरणाऱ्या वायरी, सैल झालेले जॅक, आवाज तुटणारे माइक यांचा तोटा नसतो. पिकअप बदलता म्हणजे तुम्हाला सोल्डरिंगचा डाग देता येतो, तर एक पेटी घेऊन ऑर्डरीच्या आधीच्या दुपारी त्यांच्याकडे जा. मिरजेच्या कारागिरांकडेही जा, पण शिकवायला नव्हे. मंचावर मोठ्या आवाजात वाजवता यावे म्हणून सतारीला आणि तंबोऱ्याला पिकअप बसवून हवे असणारे वादक आज आहेत. त्या जोडणीत तुमचा हात आणि त्यांचा कान एकत्र आले, तर दोघांनाही काम मिळेल. यातून महिन्याला तीन हजार आले तरी ते बारमाही असतील, मुहूर्त पाहणारे नसतील, आणि मुख्य म्हणजे संध्याकाळसाठी तुमची बोटे आणि कान शिल्लक ठेवतील. कानांवरून आठवले: बंद गाळ्यात वाजवताना कानात बोळे घाला. कानाने कमावणाऱ्याने त्यात तरी हयगय करू नये.

बँडने आपला खर्च आपण काढावा असे वर म्हटले, ते कसे? सांगलीत तिकीट लावून. आपल्या गावात मेटल ऐकायला कोण पैसे देणार, असे तुम्ही म्हणाल. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीच्या दरबारात पहिले नाटक केले तेव्हा पैसे राजाचे होते. १८५१ मध्ये चिंतामणराव पटवर्धन गेले, राजाश्रय आटला, आणि कर्जाच्या ओझ्याखाली मंडळी गावोगाव फिरू लागली. १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून त्यांचे प्रयोग झाले. ज्या गावाने हे पाहिले आहे, तिथे १५० रुपये देणारे चाळीस श्रोते मिळणे मला अशक्य वाटत नाही. सहा हजार येतील; छोटा हॉल आणि साधी जोडणी त्यात बसवा, कार्यक्रम सातला सुरू करून साडेनऊला संपवा, आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून आठवडाभर आधी घ्या. वर्षातून तीन-चार वेळाच करा, नाहीतर तेच चाळीस जण दमतील. टी-शर्ट विकायचे असतील तर आधी पैसे भरलेल्यांपुरतेच छापा; खोलीत पडलेला माल हे लहान बँडचे नेहमीचे दुखणे आहे.

इंटरनेटवर गाणी जरूर टाका, पण तिथून घर चालेल अशा आशेवर राहू नका. २०२४ पासून स्पॉटिफाय मागच्या बारा महिन्यांत १,००० वेळाही न ऐकल्या गेलेल्या गाण्याला मानधन देत नाही. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तास पाहिले जाणे लागते, किंवा छोट्या व्हिडिओंना तेवढाच मोठा प्रतिसाद. ही दारे उघडी ठेवावीत, त्यांच्यासमोर रांग लावून बसू नये. त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे गाण्यांची मालकी कागदावर आणा. कोणत्या गाण्याचे शब्द कोणाचे, चाल कोणाची, हे तिघांच्या सह्यांनिशी लिहून ठेवा आणि तुम्ही व तुमचा मित्र दोघेही इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सभासद व्हा. उद्या एखाद्या वाहिनीने किंवा कंपनीने एकरकमी पैसे देऊन गाणे मागितले, तर २०१२ च्या कायदेदुरुस्तीनुसार गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा करारात लिहूनही काढून घेता येत नाही, हे तुम्हाला माहीत असले पाहिजे. ज्या आयोजकांनी मानधनातून टीडीएस कापला असेल, त्यांच्याकडून प्रमाणपत्र घ्या. तुमच्या उत्पन्नावर कर बसत नाही, तेव्हा विवरणपत्र भरल्यास ते पैसे परत मिळतात. अनेक वादक केवळ आळसाने ते सोडून देतात.

मालकीच्या कागदाचे निमित्त करूनच मित्राशी बोला. लग्नात वाजवण्याचा विषय आधी काढलात तर पुन्हा तत्त्वांवर भांडण होईल. आधी गाण्यांची यादी समोर ठेवा, त्याच्या शब्दांचा हक्क त्याचाच राहील हे कागदावर दाखवा, मग गाळ्याच्या भाड्याचा हिशोब मांडा आणि विचारा की तुम्ही लग्नात वाजवायचे नसेल तर तुमच्या वाट्याचे १,५०० रुपये कोण भरणार आहे. तो भरायला तयार असेल, तर त्याच्या म्हणण्याला मान द्या आणि ऑर्डरी कमी घ्या. तयार नसेल, तर सरावाचा वार ठरवून घ्या आणि ऑर्केस्ट्राच्या मालकांना होकार कळवा. मामांना फोन मात्र त्याआधी करा, कारण त्यांनी दुसरा माणूस ठेवला की चार महिन्यांचे गणित नव्याने मांडावे लागेल.